ड्रमरचं लाल जॅकेट

मंडळी, नव्वदच्या दशकातली ती शाळकरी बँडवाली विनोदी मालिका का बंद पडली, यावर आपल्या ग्रुपवर किती वाद झालेत! आज मला उत्तर मिळालं.

सकाळी चिकपेटला अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, टेलरिंगच्या दुकानात गेले होते. त्या बँडचे कपडे तेच शिवायचे. कपाटात ड्रमरचं लाल जॅकेट सापडलं. फोटो काढणार, तेवढ्यात अण्णांनी ते उलटं केलं. आत उसवलेल्या शिवणींच्या तीन खुणा होत्या.

"ड्रमर बदलत गेले का?" मी विचारलं.

"छे गं, पोरगा एकच. गोष्टीत तो कायम नववीत. पण खांदे कुठं ऐकतात? शिवतानाच शिवणीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडली होती. दर वर्षी स्वल्प उसवायचो."

"मग?"

"मग आत कापडच उरलं नाही. म्हटलं, पोरगा मोठा झाला, आता नवं शिवू. ते ऐकून मालिकावाल्यांनी मालिकाच आवरती घेतली."

एवढं बोलून अण्णा मशीनवर बसले.

आपण चॅनेलला, लेखकाला, नटांना दोष देत बसलो. शिंप्याला विचारावं, असं कुणालाच कसं सुचलं नाही? आणि मी तर त्यांची मुलगी.