न झाडलेला कोपरा

कुणाच्या घरी महिनोन्‌महिने जेवून निघालात, तेव्हा पोचल्याचं कळवलंत का तुम्ही?

तळेघरजवळच्या वाडीतल्या मावशीला सगळे ‘केरसुणी’ म्हणत. दिवसातून चार वेळा घर झाडायची. वाळत घातलेल्या नाचणीत काडी दिसली तरी नवऱ्याला सुनावायची, “डोळं हायेत का बटनं?” मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यांनाही तिने उठवलं होतं. “सरका राव, तुमच्या वहाणांनी लई घाण आणलीय.”

परदेशातून स्वयंसेवक म्हणून आलेली एक तरुण नर्स वर्षभर तिच्याकडे राहिली. तिचं इंग्रजी वाडीला मराठीत सांगायचं काम माझं. मी जुन्नरचा, पिशवीत सत्य आणि समतेची पत्रकं घेऊन फिरणारा. मावशी तिला ‘पोरी’ म्हणायची, भातलावणीला चिखलात उभी करायची आणि चुलीवरची पहिली भाकरी तिच्याच ताटात टाकायची.

निघायच्या दिवशी एसटी येऊन थांबली, तेव्हा मावशीने विचारलं, “पोचल्याव कागद धाडशील ना?” पोरगी प्रामाणिक. म्हणाली, मला पत्रं लिहिणं जमत नाही, वाट पाहू नका. मी मावशीचा चेहरा बघितला आणि सांगितलं, “हो म्हणतेय.”

माणूस गावाला निघालं की त्याच्यामागे लगेच केर काढत नाहीत. मावशी त्याहून कडक. पोचल्याचा निरोप येईपर्यंत त्याच्या झोपायच्या जागेला केरसुणी लावायची नाही.

पाच वर्षांनी गेलो. घर लखलखीत, एका कोपऱ्यात मात्र बोटभर धूळ. शेजारीण दारातूनच म्हणाली, “काय गं केरसुणी, तुझी गोरी लेक अजून वाटंतच का?” ती गेल्यावर मावशी हळू आवाजात मला म्हणाली, “कबूल केलं व्हतं पोरीनं. कागद आला न्हाई म्हंजी वाटंतच मेली असंल. सर्वपित्रीला तिच्या नावानं घास ठिवते मी.”

त्याच महिन्यात एका संस्थेच्या पत्रकात मी त्या नर्सचा फोटो पाहिला होता. तिसऱ्याच देशात, दुसऱ्याच कुणाच्या अंगणात हसत होती. मी सगळं सांगितलं. माझं खोटंही.

“जित्ती हाय?” मावशीने दोनदा विचारलं. मग केरसुणी माझ्या हातात दिली. “ती खरं बोलली व्हती. तुझ्यापायी मी जित्त्या पोरीला घास घातला. आता तूच झाड. आन् पुन्यांदा या दारात येऊ नगंस.”

मी झाडलं. धुळीत केसांचं एक रबर निघालं. मावशीने ते माझ्या हातातून ओढून घेतलं.

हे वाचून झालं की एक पोस्टकार्ड घ्या. ज्या घरात राहिलात तिथे लिहा, पोचलो. आणि परत जाणार नसाल, तर तेही स्वतःच्या हाताने लिहा.