स्वच्छ ऐकू येणारा सेट

माझे कान टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले. सगळी नोकरी हेडफोन लावून झाली, आणि निवृत्तीनंतर हौसेनं हॅम रेडिओचा, म्हणजे बिनतारी सेटवरून बोलायचा परवाना काढला तर पुन्हा तेच, कानाला आवाज. बारीक, उंच सूर आता मला ऐकूच येत नाहीत. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. त्यानं भांड्यांचा आवाज मोठा झाला, पंख्याचा झाला, आणि रेडिओवरची खरखरही तितकीच मोठी झाली. तिच्यात माणूस बुडून जायचा.

माणूस म्हणजे वडिवळ्याचे भाऊ. पाटबंधारे खात्यात होते. धरणाच्या पाण्याची पातळी वायरलेसवरून वर कळवायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचा परवाना काढला आणि भातशेती बघता बघता सेट चालवत राहिले. रोज संध्याकाळी सहाला मी तुंगार्लीतल्या माझ्या घरातून त्यांना हाक द्यायची. पंधरा-वीस मिनिटं बोलायचो. सात वर्षांत समोरासमोर भेटलो ते फक्त दोनदा.

गेल्या हिवाळ्यात माझी धाकटी बहीण गेली. आम्ही दोघी बिनलग्नाच्या, एकाच घरात राहिलेल्या. तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी सुदुंबऱ्याला, आमच्या गावी झाला. परत आले त्या दिवशी सहाला सेट लावला आणि भाऊंना सांगितलं. सविस्तर सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं. बोलायचं बटण सोडलं तर खरखरीतून उत्तर आलं, "व्हय, व्हय. चालायचंच, बाई." आणि मग ते रोपांबद्दल काहीतरी बोलायला लागले.

मला ते फार लागलं. महिनाभर मी सेट लावलाच नाही. पण संध्याकाळी सहा वाजले की काय करावं ते कळेना. चहा एक कप करायचा की दोन, यात रोज हात अडखळायचा. शेवटी पुन्हा हाक दिली. तुम्ही कुठं होता, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मात्र आता त्यांचं बोलणं मला निम्मंही कळेना. तेव्हा डिजिटल सेटचा विचार डोक्यात आला. त्यात आवाजाचे आकडे होऊन जातात, खरखर येत नाही, असं ऐकलं होतं. पुण्यातल्या दुकानात गेले. दुकानदार तरुण होता, समजावून सांगणारा होता. म्हणाला, "आजी, डिजिटलमध्ये तीन मुख्य प्रकार आहेत, आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाही. तुम्ही ज्यांच्याशी बोलता त्यांच्याकडे कुठला आहे?"

"त्यांच्याकडे जुनाच आहे."

"मग तुम्ही एकट्यानं घेऊन काय करणार?"

म्हटलं, "दोन द्या. एकसारखे."

त्यानं तिन्ही प्रकार दाखवले. एक स्वस्त होता, कारखान्यातले सुरक्षारक्षक वापरतात तसा. पण त्यात प्रत्येक चॅनेल कॉम्प्युटरवरून भरायचं. भाऊंच्या घरी कॉम्प्युटर नाही. दुसऱ्याच्या पडद्यावर इतकं काही यायचं की मलाच वाचवेना. तिसरा जरा जड होता, बटणं मोठी होती, आणि समोरचा जुन्या पद्धतीनं बोलतोय की नव्या, ते त्याचं त्याला कळायचं. दुकानदार एक सेट घेऊन रस्त्यावर गेला आणि तिथून बोलला. मागे गाड्या वाजत असणार. मला फक्त तो ऐकू आला. आवाज थोडा पत्र्याचा होता, पण शब्द न् शब्द सुटा. तोच जड सेट मी घेतला.

पुढच्या रविवारी लोकलनं कामशेतला उतरून वडापच्या जीपनं वडिवळ्याला गेले. भाऊ ओटीवर बसले होते. खूप वाळलेले वाटले. सेट त्यांच्या हातात दिला, कुठलं बटण ते दाखवलं आणि मी भातखाचरांच्या बांधावरून लांब चालत गेले. तिथून बोलले, "भाऊ, ऐकू येतंय का?"

 मग आवाज आला, "बाई, लय झ्याक ऐकाया येतंय. समदं येतंय." पुढं म्हणाले, "आता सांगतो. दोन वर्सं झाली, माजे कान गेल्यात. तुमचं निम्मंच कळायचं. म्या आपला व्हय व्हय म्हनायचो. तुमी बोलायचं थांबाल म्हून सांगितलं न्हाई." आणि लगेच, मोकळेपणानं विचारलं, "तुमच्या बहिनीचं कसं हाय? बऱ्या हायत न्हवं?"

मी बांधावर बसले. बटण दाबलं आणि सोडलं. तिथून सांगून लगेच ओटीवर त्यांच्यासमोर जाणं मला झेपलं नसतं. म्हटलं, "घरी पोचल्यावर बोलते."

त्या संध्याकाळी तुंगार्लीतून हाक दिली तर काहीच नाही. मध्ये डोंगर आहे. जुना सेट डोंगरावरून कसाबसा, खरखरत का होईना, माणूस आणायचा. डिजिटलचं तसं नाही: येतो तो पूर्ण येतो, नाहीतर येतच नाही. जुन्यावर बोलून दोघांनाही धड कळलं नसतं. तीन दिवस नुसती शांतता. घेतलेली वस्तू चुकली, असंच वाटत होतं. चौथ्या दिवशी सहाच्या आधीच भाऊंचा आवाज आला, अगदी स्वच्छ. सेट घेऊन ते धरणाच्या भिंतीवर चढले होते. "हितनं लागतंय," म्हणाले. धापा टाकत होते, आणि धापासुद्धा ऐकू येत होत्या.

तेव्हा मी सगळं पुन्हा सांगितलं. खोकला, दवाखाना, शेवटची सकाळ. मध्ये मध्ये बटण सोडत होते, म्हणजे त्यांना बोलता यावं. ते फक्त "हं" म्हणत होते. शेवटी मी थांबले. पलीकडून काही येईना. जुन्या सेटवर बटण दाबून गप्प बसलेला माणूसही कळायचा, त्याच्या मागे वारा असायचा, कुत्रं असायचं. इथे काहीच नव्हतं. ते गप्प होते की संपर्क तुटला होता, मला कळेना.

"भाऊ, आहात का?"

"हाय, बाई," ते म्हणाले. "सात वर्सं बोलतोय आपन. त्यांचं नाव काय व्हतं, ते कदी इचारलंच न्हाई."

मी नाव सांगितलं. त्यांनी ते हळूच एकदा म्हणून बघितलं. ती गेल्यापासून आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.