देव्हाऱ्यातली शिवराई बाजारात

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीने शिवजयंतीला शिवकालीन बाजार भरवायचं ठरवलं आणि नाण्यांचं काम मी अंगावर घेतलं. मला कुठे गप्प बसवतं! लोकांनी रुपये देऊन आमच्या शिवराया, म्हणजे महाराजांच्या तांब्याच्या नाण्यांच्या नकला, घ्यायच्या आणि बाजारात फक्त त्याच चालवायच्या, असा बेत.

आई गावी गेली होती, तेव्हा नमुना म्हणून मी तिच्या देव्हाऱ्यातली खरी, तांब्याची शिवराई तिला न विचारता उचलली. पणजीच्याही आधीपासून ती आमच्या देवांत बसलेली. कारागिराने तिच्यावरून ठसा कोरला, झिजलेली अक्षरंसुद्धा तशीच, आणि तीनशे नाणी पाडून मूळ नाण्यासकट एकाच पिशवीत दिली. नवी नाणी फारच चकचकीत दिसत होती, म्हणून मी अख्खी पिशवी काळं करायच्या द्रावणात ओतली. वाळत घातल्यावर बघतो तर एक मेलं अजून लखलखतंय. ते परत बुडवलं.

आई आपली शिवराई रोज चिंचेने घासते, हे मला आठवलं बाजार उठल्यावर. तेही तिने दुसऱ्या दिवशी गावाहून येऊन "माझी शिवराई खंय आसा रे?" विचारलं तेव्हा. म्हणजे मी परत बुडवलेलं ते लखलखतं नाणं तिचंच होतं. कितीतरी नाणी लोकांनी आठवण म्हणून घरी नेली होती.

मी सगळं कबूल केलं. ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती फतकल मारून बसली आणि एकेका दुकानाच्या गल्ल्याचं मडकं परातीत ओतून नाणी अंगठ्याने चाचपायला लागली, डोळे मिटून. मी तासभर भिंग लावून बघितलं होतं. मला सगळी सारखीच.

चौथ्या मडक्यात तिचा अंगठा थांबला. "हीच."

तिने ती माझ्या हातावर ठेवली. बाकीच्यांची कड बोटाला लागायची, हिची लागत नव्हती. किती सासवासुनांनी पुसून पुसून ती एवढी मऊ केली असेल, देव जाणे.

ते मडकं भाकरी-ठेच्याच्या दुकानाचं होतं. म्हणजे आदल्या दिवशी कुणीतरी तिच्यावर भाकरी घेऊन खाल्ली होती. शेकडो वर्षांपूर्वी ज्या कामासाठी ती पाडली, तेच काम ती पुन्हा करून आली होती, आणि देणाऱ्याला, घेणाऱ्याला, कुणालाच पत्ता नव्हता.

"बसान बसान कंटाळली असतली," आई म्हणाली. "बाजार करून इली."

आणि चिंच भिजत घालायला उठली.