काचेपलीकडचं बोट

आमचे हे आधी हळू बोलायचे, हे सांगितलं तर आता कोणाला पटत नाही. सव्वीस वर्षांपूर्वी लग्न करून मी सांगलीहून चेन्नईला आले, तेव्हा नारायणस्वामी राव हा तंजावरी मराठी पुटपुटणारा लाजरा माणूस होता. मग गिंडीच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर सतरा वर्षं काढली, कानात कधी बोळा घातला नाही, आणि आवाज चढत गेला. शेजारची हरिणी विचारते, "मामी, भांडण झालं का?" मी सांगते, "नाही गं, मामांनी मीठ मागितलं."

साहेबांना मात्र तो आवाज भारी आवडला. माइकचीही गरज नाही! नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ह्यांना प्रेसवरून उचललं आणि कामगारांना सेफ्टी शिकवायला नेमलं. अ‍ॅसिड कसं ओतायचं, डब्यावरची खूण कशी वाचायची, सगळं शिकवायचे. लाडका विषय कान. "गेलेला कान परत येत नाही!" असं गरजायचे, आणि मागून कोणी हाक मारली तर ढिम्म.

कारखान्यात दरवर्षी कान तपासतात. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीक आवाज आला की हात वर करायचा. आवाजाचं बटण बाहेर बसलेली लावण्या दाबते. आमचे हे काचेतून तिचं बोट बघायचे. बोट हललं की हात वर! शेरा काय, तर 'उत्तम'. आणि हा पराक्रम मला हसत हसत सांगितला.

"अहो, लाज नाही वाटत?" मी ओरडले.

चेहरा पडला. "बहिऱ्याला शिकवायला कोण उभं करेल? हे काम गेलं तर मी कोण उरतो?"

मग मीही गप्प बसले. चुकलंच माझं.

यंदा मार्चमध्ये सेफ्टी दिनाला कामगारांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. माझ्या पुढे प्रेसवरचा श्रीहरी, शेजारी त्याची बायको, मांडीवर चार महिन्यांची पोर. पोर किंचाळली. श्रीहरीने मान वळवली नाही. बायकोने खांदा हलवला तेव्हा कुठे त्याला कळलं.

ह्यांचं भाषण संपलं आणि तोच श्रीहरी उठला. तमिळमध्ये म्हणाला, "सार, तुम्ही सतरा वर्षं कानात काही न घालता प्रेस चालवली. तुमचा 'उत्तम' रिपोर्ट बोर्डावर लावलाय. मग आम्हीच कशाला कान बंद करून घ्यायचे?"

टाळ्याच टाळ्या! हे हसले आणि सवयीने माझ्याकडे बघू लागले. काही ऐकू आलं नाही की मी खुणेने सांगते, ही आमची घरची रीत. 'कौतुक करतोय' अशी नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं. काम राहिलं असतं, मान राहिला असता. पण पुढे ती पोर रडतच होती. मी सरळ स्टेजवर गेले आणि सगळा प्रश्न ह्यांच्या कानात ओरडून सांगितला.

हे स्टेजच्या कडेपर्यंत पुढे आले.

"श्रीहरी, तुझा प्रश्न मला ऐकू आला नाही. बायकोने सांगितला. माझा डावा कान गेलाय, उजवा निम्मा. रिपोर्ट खोटा आहे. मी लावण्याचं बोट बघतो." एवढं हळू ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. साहेब आपले बूट न्याहाळत राहिले.

पुढच्या आठवड्यात काचेला पडदा लागला आणि प्रेसवरच्या एकतीस जणांची पुन्हा तपासणी झाली. आदल्या वर्षी एकतीसच्या एकतीस 'उत्तम' होते. आता एकोणीस नापास. त्यात श्रीहरीही.

हे घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. "सगळेच बोट बघत होते गं. मी श्रीहरीला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? म्हणाला, सार, तुम्हीच. कँटीनमध्ये तुम्ही शेजारी बसलेल्या वेंकटरमण सारांच्या कानात सांगितलंत ना? आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

नऊ वर्षं घसा फोडून शिकवलं ते कोणी घेतलं नाही, आणि हे एवढं सगळ्यांनी घेतलं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमचा एकट्याचाच दोष नाही, मीही गप्प बसलेच की, असं मला जवळ बसून हळूच सांगायचं होतं. पण हळू सांगून ह्यांना ऐकू येत नाही, आणि शेजारी हरिणीच्या घरची खिडकी उघडी होती.