शॉकअप डावा की उजवा?

मंडळी, आज आमच्या छोट्या गाडीसाठी जुना शॉकअप आणायला आळेफाट्याला गेलो होतो. उद्या बहिणीला तळेघरहून बोरीला घरी आणायचंय. तिला सातवा महिना लागलाय, आणि गाडीचा पुढचा एक शॉकअप गेल्यामुळं प्रत्येक खड्डा थेट कमरेत बसतोय.

जुन्या पार्टवाल्या चाचांनी विचारलं, "कुठली बाजू? पुढचे डावा-उजवा वेगळे असत्यात."

सकाळी मी बॉनेटसमोर उभं राहून चाक बघितलं होतं. ते माझ्या उजव्या हाताला होतं. बिनधास्त म्हणालो, "उजवा."

चाचांनी काढून दिला. दांडा दाबला की सावकाश वर येत होता, तेलाचा डाग कुठं नव्हता. मी खूश.

सोबत आमचे आबा होते. ते तिथंच पडलेल्या एका जुन्या सीटवर बसले, कासरा धरल्यासारखे हात पुढं केले आणि मला म्हणाले, "उजवा बैल कुठला, ते समोर उभं राहून ठरवतो का गाडीत बसून? ये, बस शेजारी. आता सांग, कुठलं चाक?"

बसलो आणि गुमान डावा हात वर केला.

चाचा हसत म्हणाले, "राव, लई जण उलटा नेत्यात न् परत येत्यात." त्यांनी डावा शोधून दिला. दुपारी बसवला, गाडी आता झकास चालतीय. तुमचं कधी असं झालंय का? खरं सांगा.

आत्ताच बहिणीचा फोन आला. "दादा, कुठली बाजू दुरुस्त केली? उद्या तिकडंच बसते."

म्हणालो, "थांब, गाडीत बसून सांगतो."