भातगिरणीसाठी लिहिलेलं माझं गाव

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, कारण हा माझा गाढवपणा ऐकताना हातातला चहा सांडणार आहे!

आमचं गाव उरणकडचं. खाडीकाठचं, भातशेतीचं. मी राहतो नेरुळला फ्लॅटमध्ये, पण गावाचं कौतुक माझ्याकडून ऐकलं नाही असा माणूस सोसायटीत सापडायचा नाही. वॉचमनसुद्धा मला बघून फोन कानाला लावतो!

माझी चुलत बहीण, मालतीताई, गावची सरपंच. तिचा फोन आला. "सरकारची समिती येतेय. गाव आवडलं तर भातगिरणी मिलंल. नायतर भात भरडायला टेम्पो करून लांब जायचं हायेच. तू शिकलेला, गावाची माहिती लिव."

मी काय, तुटूनच पडलो! कमळांचा तलाव, मोत्यासारखा तांदूळ, चिंचेखालची शाळा, आठ पानं, रंगीत फोटो. आणि समिती गावात आली त्या दिवशी, ताईला सरप्राइज म्हणून, पुस्तिका थेट समितीच्याच हातात दिली.

मोठे साहेब म्हणाले, "आधी तलाव बघू."

ताई दचकली. "तो बांधापलीकडं हाय, साहेब. दुसऱ्या गावात."

"बरं, हे शेत?"

"ते पन पलीकडं."

"शाळा?"

ताईने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता धरणीमाते, पोटात घे!

झालं काय होतं, बांधापलीकडे माझी सासुरवाडी. आई-बाबा नेरुळला आले तसं आमचं घर बंद. वीस वर्षं मी 'गावी' जातो म्हणजे सासऱ्यांकडे जेवतो, तिथल्या तलावावर फिरतो, तिथलाच तांदूळ डिकीत टाकून आणतो. फोटोही तिथलेच! बायकोने पुस्तिका वाचली होती हो, पण "छान लिहिलंय" एवढंच म्हणाली. माहेरचं कौतुक कोण थांबवेल?

"मग तुमच्या गावात आहे तरी काय?" साहेब वैतागले. गेली गिरणी!

"चला, दाखवते," ताई म्हणाली.

खाडीच्या बांधाला भरतीने भगदाड पाडलं होतं. ओहोटी साधून अर्धं गाव गुडघाभर चिखलात उभं, मातीची ढेकळं हातोहात पुढे जात होती. म्हाताऱ्या होत्या, कंटेनर यार्डातून ड्युटी करून थेट आलेली पोरं होती.

"मजूर किती लावलेत?" साहेबांनी विचारलं.

"मजूर कशाला? घरटी एक मानूस. खारं पानी आत शिरलं तर सगल्यांचा भात गेला. ज्याचं शेत नाय, तो पन येतो."

साहेबांनी माझी पुस्तिका मिटून बगलेत मारली. मग म्हणाले, "गिरणी इथेच द्यायची."

आईशप्पथ सांगतो, डोळ्यात पाणी आलं माझ्या! काय माणसं आहेत राव! ऊर भरून आला आणि मी ओरडलोच, "साहेब, हे माझं गाव!"

"वा! घरटी एक माणूस ना? मग तुमच्या घरचं कोण आहे इथे?"

मी आपला घाईघाईने बुटांच्या लेस सोडायला लागलो. शेवटी ताईनेच सोडवलं.

"त्यांचं काय मनावर घेऊ नका, साहेब. ते पलीकडच्या गावचे जावई हायेत!"