बरण्या आडव्या कुणी केल्या?

परळच्या एका सुपरमार्केटात सीमा घाडी नऊ वर्षं फळ्यांवर माल लावत होती. तिचे वडील कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला होते. कापूस कुठून येतो, कापड कुठे जातं, हे ते घरी रंगवून सांगायचे. त्यांचीच सवय तिला लागली असावी. माल लावताना ती प्रत्येक पुडा उलटा करून मागचा पत्ता वाचायची. सोबतच्या बायका हसायच्या, “सगळ्यांना पत्रं पाठवणार आहेस काय?”

एकदा सुक्या जवळ्याच्या चटणीवर तिने पत्ता वाचला : यशोदा कोळी, शीव कोळीवाडा. इतक्या जवळचा पत्ता दुकानात तिला पहिल्यांदाच दिसला. पण ही चटणी कायम सगळ्यात खालच्या फळीवर, तीही मागे ढकललेली. बरण्या तेलाने माखून यायच्या, फळी चिकट व्हायची, गिऱ्हाईक हात लावायचं नाही. सीमाने एक बरणी विकत घेऊन, पुसून डिलाईल रोडला घरी नेली. त्या दिवशी नवऱ्याने तिसरी भाकरी मागून घेतली. एवढी चांगली चटणी, मग तेल गळतं कशामुळे? तिला चैन पडेना.

सुट्टीच्या दिवशी ती विचारत विचारत कोळीवाड्यात पोचली. साठीची यशोदा ओट्यावर जवळा निवडत बसली होती.

“कंपनीने पाठवलं काय?” तिने मान वर न करताच विचारलं.

“नाही मावशी, माझी मीच आले. तुमच्या बरण्या दुकानात मी लावते.”

“लोकांना आवडत नसेल. ऑर्डर कमी कमी होत चाललीये.”

“कुणी खाल्लीच नाही तर आवडणार कशी? बरण्या सगळ्या तेलकट येतात.”

यशोदाचा हात थांबला. हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तिने आत जाऊन कालच भरलेली बरणी आणली आणि सीमाच्या हातात दिली. कोरडी ठणठणीत.

म्हणजे जे काही होत होतं ते वाटेत. सीमाने वाट विचारून घेतली. टेम्पो माल उचलून भिवंडीच्या गोदामात नेतो, तिथे तो चार दिवस पडून राहतो, मग परळला येतो.

“इथून परळला यायचं, तर भिवंडीमार्गे?” सीमाला हसू आलं.

भिंतीला लागून भरलेले खोके रचले होते. साबणाचे जुने खोके. बरणी उंच, खोका बुटका, म्हणून यशोदा खोका कुशीवर ठेवून त्यात बरण्या उभ्या भरायची. सीमा वाकून बघत राहिली. खोक्यावरचा ‘ही बाजू वर’ सांगणारा बाण भिंतीकडे वळलेला होता.

“मावशी, हा बाण बघा. गोदामातली माणसं बाण बघून खोका सरळ करतात. मग तुमच्या बरण्या चार दिवस आडव्या.”

यशोदाने बाणावरून बोट फिरवलं. “मला वाटलं, माझाच हात बिघडला,” ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सीमा तो खोका घेऊन मॅनेजर विक्रांतसमोर उभी राहिली.

“पण सीमाताई, माल गोदामातूनच येतो. नियम आहे.”

“सर, ती बाई पाच-सहा किलोमीटरवर राहते. थेट इथे आणून दिला तर?”

विक्रांतने खोका फिरवून पाहिला. जवळपासचा माल वाढवा, असं मुख्य ऑफिस वर्षभर सांगत होतं; कुणाकडून घ्यायचा, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने परवानगी मागितली. ती यायला तीन आठवडे गेले, तीही फक्त या एका दुकानापुरती. तोवर यशोदाने बरणीच्या मापाचे कोरे खोके करून घेतले.

बरण्या डोळ्यांसमोरच्या फळीवर आल्या. दोन महिन्यांत ऑर्डर दुप्पट झाली. यशोदाने शेजारच्या दोघी हाताखाली घेतल्या. जवळपास आणखी कोण काय बनवतं ते शोधायचं काम विक्रांतने आठवड्यातून एक दिवस सीमावर सोपवलं.

एका दुपारी यशोदा स्वतः दुकानात आली. आपली चटणी कोण नेतं ते तिला बघायचं होतं. ती सीमाच्या बाजूला उभी राहिली. बऱ्याच वेळाने ऑफिसातून आलेल्या एका माणसाने बरणी उचलली आणि दुसऱ्या हाताने पावाची लादी घेतली. यशोदाला राहवलं नाही. ती पुढे झाली.

“बाबा, पाव ठेव तो,” ती म्हणाली. “तांदळाच्या भाकरीबरोबर खा.”